दुसरा मजला, लिफ्ट बंद, आणि ‘बेस थोडा कमी करा’

मागच्या रविवारी कार्यक्रम साडेसातला होता. मी साडेचारलाच हॉलच्या दारात, पाठीवर डबल बेस, म्हणजे व्हायोलिनचा माणसाएवढा थोरला भाऊ. वॉचमन म्हणतो, "लिफ्ट तो बंद है भिया, सीढ़ी से ले जाओ." दुसरा मजला. जिना असा, की वळणावर समोरून माणूस आला तर एकाने मागे फिरावं.

आठ दिवस आधी मी आयोजक काकांना फोन करून तीन गोष्टी विचारल्या होत्या. हॉल कितव्या मजल्यावर, लिफ्ट किती मोठी, आणि मला साउंडचेकला पंधरा मिनिटं मिळतील का. काका म्हणाले, "अरे तू काळजीच करू नकोस, सगळी व्यवस्था आहे." व्यवस्था म्हणजे काय, ते मला वीस वर्षांत कळलंय. व्यवस्था म्हणजे पोहे. वरती सेव, जीरावन मसाला, बाजूला जलेबी, आग्रह करकरून. इंदुरात बेसवाल्याला पोहे मिळतात. जिना मिळतो. आवाज तेवढा मिळत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बहुतेक जण वाजवतात त्या बेसला ‘थ्री-फोर्थ’ म्हणतात. नाव पाऊण, पण उंची सहा फुटांच्या घरात आणि वजन दहा किलोच्या आसपास. वजनाचं काही नाही, गव्हाचं पोतंही उचलतो माणूस. पण पोतं आपटलं तर चिरत नाही. याच्या पोटावर एक घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी फळी, उभी आहे, तिला गोंद नाही, खिळा नाही, ती फक्त तारांच्या दाबावर टिकलेली आहे. आणि पोटाच्या आत साउंडपोस्ट नावाचा बोटाएवढ्या जाडीचा लाकडी दांडा आहे, तोही तसाच दाबावर. म्हणजे मी दुसऱ्या मजल्यावर जे नेतो ते पत्त्यांचं घर आहे, फक्त सहा फुटी.

आणि तेवढ्यात दोन उत्साही पोरं धावत येतात, "दादा, द्या, आम्ही धरतो!" धरतात कुठे? एकाचा हात घोडीवर, दुसऱ्याचा खुंट्यांवर. अरे बाबांनो, तुमचा जीव चांगला आहे, पण हात लावू नका. जिन्यात बेस उभा, छातीशी, घोडीची बाजू आपल्याकडे आणि पाठ भिंतीकडे ठेवून न्यायचा. भिंत घासली तर पाठीला ओरखडा येईल, ओरखडा परवडतो. पाठीवर अडकवून चढलात तर दाराची चौकट पहिल्यांदा बेसच्या डोक्याला लागते, मग तुमच्या नशिबाला.

"बासरी का नाही शिकलात?" हा विनोद ऐकून मी हसणं कधीच बंद केलंय. रिक्षावाला तरी नवीन काहीतरी बोलायचा. रिक्षाने जायचो तेव्हा एकाने विचारलं, "भिया, फ्रिज हे क्या?" मग दोन सवारींचं भाडं सांगितलं. ते बरोबरच होतं, मी वाद घातला नाही.

रिक्षा सोडून चार वर्षं झाली. आता छोटी गाडी आहे. पुढची सीट पूर्ण मागे पाडायची, बेस आडवा कुशीवर ठेवायचा, मान पुढे. कधीही घोडीवर पालथा नाही. घोडीखाली उशी लावून पालथा झोपवणारे लोक मी पाहिलेत, त्यांना नमस्कार. आणि मे महिन्यात बंद गाडीत पाच मिनिटंही सोडायचा नाही. हे वाद्य सरसाने, म्हणजे जनावराच्या कातडीच्या गोंदाने, जोडलेलं असतं, आणि तेही मुद्दाम. कोरड्या हवेत लाकूड आकसलं की आधी जोड उघडावा, लाकूड चिरू नये, म्हणून. उघडलेला जोड परत चिकटवता येतो. पण तोच सरस उन्हात तापला की मऊ पडतो. माळव्याच्या मे महिन्यात काच बंद असलेल्या गाडीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणूनच कार्यक्रमानंतर सगळे सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जातात आणि मी घरी जातो. थंडीतला गराडू, भुट्ट्याचा कीस, सगळं त्यांच्या नशिबी. त्या गर्दीत बेस नेता येत नाही आणि गाडीत रात्री एकटा सोडवत नाही. "अरे, कोण चोरणार तो?" असं म्हणतात. चोरणार नाही हो, माहीत आहे. पण काच फोडून आत काय आहे हे बघणारा कोणीतरी निघेलच. वीस वर्षांत मी या गावातल्या किती कार्यक्रमांत वाजवलं आणि सराफ्यात किती वेळा गेलो, याचा हिशेब बायको मांडते. दर वर्षी तो माझ्याविरुद्धच जातो.

हे सगळं सोसेन मी. जिना सोसेन, रिक्षा सोसेन, गराडूही सोडेन. खरी तिडीक जाते ती स्टेजवर.

गायिकाबाईंचा चेक चाळीस मिनिटं. "इको थोडा वाढवा, नाही, तेवढा नको, आता कमी करा." तबल्याचा वीस मिनिटं. ऑक्टोपॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ढोलवाला, त्याच्याकडे असलेले सगळे ढोल एकेक करून ऐकवतो, दाद मिळेपर्यंत. माझी पाळी आली की निवेदिका माइकवर: "सगळ्यांनी खुर्च्या घ्याव्यात, दीपप्रज्वलनाला पाहुणे येत आहेत." साउंडवाला माझ्याकडे बघून अंगठा दाखवतो. माझा चेक झाला.

तो अंगठा दाखवण्याआधी त्याने काय केलेलं असतं, सांगतो. माझ्या हातात एक वायर दिली, तिचं दुसरं टोक थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये. माझ्या बेसवर घोडीला पिझो पिकअप आहे, म्हणजे लाकडाच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारं चिमुकलं यंत्र. पिझो फार नाजूक प्रकृतीचा. त्याच्यापुढे दहा लाख ओहमच्या आसपासचा इनपुट हवा. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण दहा-वीस हजार ओहमचा. म्हणजे खालचा सगळा आवाज तिथेच वाहून जातो, उरतं ते नाकातून निघालेलं टणटण. मग साउंडवाल्याला वाटतं, याच्यात बेसच नाही. तो ईक्यूवर लो, म्हणजे खालच्या सुरांचं बटण, वाढवतो. अजून वाढवतो. आता मी एका गाण्यात मोकळी ए तार सोडली की अख्खा हॉल ‘हूंऽऽऽ’ करून घुमतो, पहिल्या रांगेतले आजोबा कानातलं यंत्र काढतात, आणि साउंडवाला घाईघाईने माझा फेडर, म्हणजे माझ्या आवाजाची सरकपट्टी, खाली ओढतो. तिथून पुढचे दोन तास मी मूकाभिनय करतो. मध्यंतरात तो येतो आणि मलाच सांगतो, "भिया, आपका बेस भोत आ रिया था."

यावर उपाय म्हणजे पिझो आणि मिक्सरच्या मध्ये लावायची प्रीअँप. एवढीशी डबी, हातात मावते. ती मी स्वतः नेतो. माझी मागणी एवढीच, की वायर तिच्यातून जाऊ दे. "उसकी जरूरत नी पड़ेगी भिया, अपना मिक्सर इम्पोर्टेड है." मिक्सर कुठून आलाय ते मी विचारलं नव्हतं.

आणि हा घुमण्याचा दोष माझ्या हाताचा नाही हेही एकदा लिहून ठेवतो. बेसची सगळ्यात खालची ई तार सेकंदाला सुमारे एक्केचाळीस वेळा हलते, वरची जी सुमारे अठ्ठ्याण्णव. एवढ्या खालचे सूर म्हणजे हवेचं ढकलणं. आणि बेसचं पोट ही लाकडी पाटी. मॉनिटर (वादकांना ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) किंवा सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) तिच्यासमोर ठेवलात की स्पीकर पोट हलवतो, पोट पिकअप हलवतं, पिकअप स्पीकर हलवतो. चक्की सुरू. उपाय फार सोपे आहेत. मला सबच्या पुढे उभं करू नका. मॉनिटर माझ्या कानाच्या दिशेने द्या, पोटाच्या नाही. सेकंदाला चाळीस कंपनांच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापा, तिथे माझं काही नाही, तुमच्या पोकळ स्टेजची धडधड आहे फक्त. प्रीअँपवर फेजचं, म्हणजे आवाजाची लहर उलटी करणारं, बटण असतं, ते एकदा उलटं दाबून बघा, अर्ध्या वेळा घुमणं तिथेच थांबतं. तरी राहिलंच तर ज्या एका सुराला पोट घुमतंय तेवढाच नॉच फिल्टरने खाली करा. अख्ख्या बेसचा गळा दाबू नका. हे सगळं करायला पंधरा मिनिटं लागतात. गायिकाबाईंच्या इकोच्या निम्मीही नाहीत.

"घोडीवर छोटा माइक लावा की." लावतो, शांत बैठकीत फार सुंदर येतो. ऑक्टोपॅडच्या शेजारी उभा राहून लावला तर माझ्या चॅनलवर ऑक्टोपॅडच वाजतो, आणि मी मध्येमध्ये.

त्यात कीबोर्डवाला. तो डाव्या हाताने बेस वाजवतो. सवयीने, कारण इतर ठिकाणी त्याच्या बँडमध्ये बेसवाला नसतो. मला मान्य आहे. पण इथे मी आहे ना! सहा फुटी आहे, दिसतो! दोन बेस एकाच सुरात, तेही अर्धा मात्रा मागेपुढे, म्हणजे खालून चिखल. मी दर वेळी हात जोडून म्हणतो, "भाऊ, डावा हात खिशात ठेव." तो हसतो, पहिलं गाणं ठेवतो, दुसऱ्यापासून परत.

आणि हो, "तू बेस गिटारच का नाही वाजवत? हलकी आहे, सोय आहे." खरंच सोय आहे. मी तीही वाजवतो. पण जुन्या गाण्यांचे कार्यक्रम आहेत तुमचे, ज्यांच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये हाच लाकडी आवाज आहे. बोटाने खेचलेला, लगेच विरणारा. गज लावला की आख्खं गाणं जमिनीवर टेकतं. बोलावता तुम्ही ते ऐकायला, आणि मग ते ऐकू येणार नाही याची तजवीजही तुम्हीच करता.

दिवाळी पहाटेची तर वेगळीच परीक्षा. साडेपाचला सूर लावायचा, म्हणजे साडेतीनला बाग गाठायची, कार्तिकातली गारठ. थंडीत स्टीलच्या तारा आकसतात, सूर चढतो. मिळवून घेतो. सहाला दिवे सुरू होतात, तापतात, तारा सैलावतात, सूर उतरतो. दोन गाण्यांमध्ये निवेदिकेचं काव्यवाचन सुरू असतं तेव्हा मी पाठ फिरवून खुंट्या पिळत असतो, आणि लोकांना वाटतं हा माणूस रुसलाय. लाकडाचं गणित उलट चालतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पोट वर येतं, तारा बोटांपासून दूर जातात. उन्हाळ्यात खाली बसतं, तारा फळीवर खडखडतात. घोडीच्या पायांत फिरकीचे स्क्रू बसवून घ्या, वर्षातून दोनदा फिरवावे लागतात. माझ्या बेसला ते नव्हते तोवर मी अर्धा पावसाळा दाबून दाबून बोटं सोलत असे.

दुरुस्तीचं तर विचारूच नका. एकदा भाच्याने प्रेमाने चारही तारा एकदम सैल केल्या. "मामा, मी धूळ पुसून दिली!" आतून ‘टक’ असा आवाज आला. साउंडपोस्ट आडवा. तारा बदलायच्या तर एक काढायची, एक लावायची, मग दुसरी, हे त्या नऊ वर्षांच्या पोराला कुठून माहीत असणार. माझीच चूक. पण या गावात तबल्याला पुडी चढवणारे मिळतात, पेटीची पट्टी सुधारणारे मिळतात, आणि एफ-होलमधून, म्हणजे पोटावरच्या ‘एफ’ आकाराच्या भोकातून, आत काडी घालून दांडा उभा करणारा मात्र मला सापडला नाही. बेस मुंबईला नेला. एका रात्रीच्या प्रवासात एक माणूस झोपला नाही, आणि एक वाद्य त्याच्याच बर्थवर आडवं होतं. तारांचा एक चांगला सेट पाच आकडी रकमेचा येतो, म्हणून तो मी सहा-सात वर्षं वापरतो. मानधनात तो बसतच नाही.

मानधनाबरोबर शाल-श्रीफळ असतं. श्रीफळ मी एकदा बेसच्या बॅगेच्या कप्प्यात ठेवलं, गजाशेजारी. रस्त्यात एक खड्डा आला. पाणी गजाच्या केसांत. राळ भिजली, केस चिकटले, गज गेला. आता श्रीफळ शेजारच्या काकूंना देतो.

काल काकांचा फोन आला. पुढच्या महिन्यात कार्यक्रम. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "या वेळी तुझं सगळं लक्षात ठेवलंय हं. तळमजला आहे."

"स्टेज तळमजल्यावर?"

"पार्किंग रे. स्टेज गच्चीवर. फार सुंदर हवा असते."

"लिफ्ट?"

"अरे, व्यवस्था आहे सगळी."