भटके नव्हेत, पाहुणे

आज सकाळी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश आला : "भटके लोक आले आहेत. गेट बंद ठेवा, मुलांना बाहेर सोडू नका." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी गॅलरीतून पाहिले, तर कळंब्याच्या बाजूने मेंढरांचा कळप येत होता. मागे घोड्यावर सगळा संसार लादलेला, त्यावर बांधलेल्या कोंबड्या आणि झोळीतून डोके बाहेर काढून बघणारे कोकरू. कोल्हापुरात जन्म काढलेल्या माणसांना धनगर ओळखू येऊ नयेत, याचा मला मनस्वी संताप आला आणि लिहिता लिहिता तो वाढतोच आहे.

कागलजवळच्या आमच्या रानात उन्हाळ्यात मेंढरे बसवली जायची. संध्याकाळी वाघर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, लागायची, रात्रभर कळप तिच्या आत बसायचा आणि लेंडीखताने वावर पुढच्या पिकासाठी तयार व्हायचे. त्याच्या मोबदल्यात आजी ज्वारी मापून द्यायची. एकदा बांधावरच्या शेजाऱ्याने आजोबांना विचारले, "ह्या भटक्यास्नी रानात कशाला घेतासा?" आजोबा एवढेच म्हणाले, "भटकं न्हवं, पावणं हाईत ते."

आजोबा शाळेत गेलेले नव्हते, पण त्यांच्या तोंडचा शब्द किती नेमका होता, हे मला पुढे कळले. अतिथी म्हणजे तिथी न ठरवता येणारा, असे आपल्याला लहानपणी सांगतात. संस्कृत व्याकरणात मात्र हा शब्द 'अत्' या धातूपासून साधतात आणि त्याचा अर्थ आहे सतत चालत राहणे. ज्याला देव मानायला आपण शिकलो, तो मुळात चालता माणूसच आहे. मठात ज्यांच्या पाया पडतो त्या जंगमांच्या नावाचा अर्थही हिंडता-फिरता असाच आहे. आपण हौसेने मुलाचे नाव अनिकेत ठेवतो, म्हणजे ज्याला घर नाही तो. गीतेच्या बाराव्या अध्यायात हे भक्ताचे लक्षण म्हणून आले आहे. नाव ठेवायला घर नसलेला चालतो, गेटसमोरून जायला चालत नाही?

कष्टकऱ्यांची नावे तर सरळ त्यांच्या कामावरून पडलेली आहेत. लमाण हा शब्द लवणावरून आला, कारण बैलांच्या पाठीवरून मिठाच्या गोण्या त्यांनी देशभर पोहोचवल्या. इंग्रजीतला 'नोमॅड' ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थही चाऱ्यासाठी कळप घेऊन फिरणारा, म्हणजे आमच्या रानात उतरायचा तोच माणूस. ज्या चोरीच्या भीतीने आपण गेट लावतो, ती या शब्दांत कुठे आहे? ती घर बांधून बसलेल्यांनी घातली. बेरड आणि भामटा ही विमुक्तांच्या सरकारी यादीतली जमातींची नावे आहेत, आणि आपण ती शिवी म्हणून सहज वापरतो. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडले. ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का होता, त्या फासेपारध्यांना शाहू महाराजांनी याच शहरात विश्वासाने कामावर ठेवले होते. महाराजांच्या जयंतीला फेटे बांधून मिरवणुकीत चालणारेही आज अंगठे देणाऱ्यांत होते, हे मला फार लागले.

चोऱ्या होतात, हे मान्य आहे, आणि शब्दांचे अर्थ काळाबरोबर बदलतात, हेही मान्य करतो. पण 'भटके' म्हणजे चोर हा अर्थ आपोआप आलेला नाही.

आता राग थोडा ओसरला आहे, म्हणून त्या शेजाऱ्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. पुढच्या उन्हाळ्यात त्यानेच आजोबांकडे निरोप पाठवला की, तुमच्याकडची मेंढरे उठली की आमच्या वावरात बसवा. त्याच्या घरूनही ज्वारी मापून गेली आणि त्याच्या तोंडून 'भटके' हा शब्द पुन्हा आमच्या कानावर आला नाही.

आमच्या कॉलनीतल्या पुष्कळ जणांची मुळे गावाकडची आहेत आणि पट्टणकोडोलीला धनगरांच्या बिरदेवाच्या यात्रेत भंडारा अंगावर घेतलेली माणसे त्यांच्या घरांत आहेत. त्यांनी त्या संदेशाखाली 'धनगर आले आहेत' एवढे तरी लिहावे. कळप अजून पलीकडच्या मोकळ्या जागेत उतरलेला आहे आणि तिथे पाण्याची सोय नाही; आमच्या दारातला नळ मी त्यांच्यासाठी सुरू ठेवला आहे, शेजारच्यांनीही ठेवावा.