राउटर बंद करण्याआधी त्याच्यावरचा दिवा बघा : विश्रामबागच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

घरचं इंटरनेट सारखं तुटत असेल तर दोष घरात आहे की घराबाहेर हे आधी शोधा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलंच खडसावलं आहे. तुमचं पहिलं म्हणणं असं की दरमहा पैसे भरल्यावर तपासणी कंपनीनं करायची. ती ग्राहकावर ढकलणं म्हणजे पेशंटलाच एक्स-रे काढायला लावणं. दुसरं, राउटर बंद-चालू केला की नेट येतं, मग एवढं पुराण कशाला? आणि तिसरं, १०० एमबीपीएसचा प्लॅन असून आतल्या खोलीत २० सुद्धा मिळत नाहीत, ही उघड फसवणूक आहे आणि मी तिच्यावर पांघरूण घालतोय.

दुरुस्ती कंपनीनंच करायची, याबद्दल आपल्यात वाद नाही. पण डॉक्टरसुद्धा आधी विचारतात, कुठं दुखतंय, कधी दुखतं? ते पेशंटलाच सांगावं लागतं. मी सांगली-मिरजेत दुकानांची आणि दवाखान्यांची नेटवर्कची कामं करतो, आणि एक चक्र कायम बघतो. ‘नेट चालत नाही’ एवढीच तक्रार गेली की पलीकडून उत्तर येतं, राउटर बंद-चालू करा. केल्यावर नेट येतं. तक्रार मिटली म्हणून नोंद होते. चार दिवसांनी पुन्हा तेच. याउलट ‘पाऊस लागला की जातं, तेव्हा लाल दिवा लागतो, शेजाऱ्यांचं मात्र चालू असतं’ असं ज्यांना सांगता येतं, त्यांच्याकडे माणूस शिडी घेऊन येण्याची शक्यता कितीतरी जास्त. ग्राहकानं तपासावं असा माझा आग्रह आहे तो यासाठी. कंपनीला पळवाट राहू नये.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे : ‘पावसाळ्यात डब्यावर कधीकधी लाल दिवा लुकलुकतो, पण बंद-चालू केलं की जातो.’ मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच.

तो दिवा एलओएसचा, म्हणजे ‘लॉस ऑफ सिग्नल’चा. बाहेरून फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यातून, येणारा प्रकाश डब्यापर्यंत, म्हणजे राउटरपर्यंत, पुरेसा पोचत नाही, असा त्याचा अर्थ. तुमच्या वायफायशी, मोबाइलशी, घरातल्या भिंतींशी त्याचा काहीही संबंध नाही. कंपनीकडून निघालेली एक फायबर वाटेत स्प्लिटरमध्ये (प्रकाश वाटून देणाऱ्या डब्यात) फुटते आणि साधारणपणे ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ३२ घरांत वाटली तर प्रत्येक घराच्या वाट्याला बत्तिसावा हिस्सा येतो, म्हणजे केबल निर्दोष असली तरी १५ डेसिबलची (घट मोजायचं एकक) घट तिथंच झाली. उरलेल्या प्रकाशावर घर चालवायचं असतं. डब्यापाशी तो उणे २० डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक; उण्यापुढचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी) आसपास असेल तर निर्धास्त राहावं. उणे २७-२८ ही नेहमीच्या जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) डब्यांची हद्द. त्याखाली डब्याला काही दिसत नाही. उणे २० वरून उणे २७ वर जाताना आकडा सातानंच हलतो, पण प्रकाश मात्र पाचव्या हिश्श्यावर आलेला असतो.

आणि ही घट कशानंही होते. खांबावरच्या जोडात ओल शिरते, गच्चीच्या कठड्यावर केबल काटकोनात वाकवलेली असते, खिळ्याला आवळून बांधलेली असते, खारीनं कुरतडलेली असते, नाहीतर हिरव्या टोकावर धूळ बसलेली असते. एकेक गोष्ट थोडाथोडा प्रकाश खाते. उन्हाळ्यात उणे २६ वर कसंबसं तगलेलं कनेक्शन पहिल्या मोठ्या पावसात बसतं. तुमच्या घरी असंच होत असावं, असा माझा दाट संशय आहे.

मग बंद-चालू केल्यावर नेट येतं कसं? डबा सुरू होताना पुन्हा नव्यानं नोंदणी करतो. तेवढ्या वेळात पावसाची सर ओसरली किंवा हलणारी केबल स्थिरावली, तर नोंदणी होते आणि दिवा हिरवा होतो. दोष जागच्या जागीच राहतो. शिवाय बऱ्याच राउटरमधली आतली नोंद बंद केल्यावर पुसली जाते, म्हणजे पुरावाही गेला. म्हणून बटण दाबण्याआधी मोबाइलवर दिव्यांचा एक फोटो काढा, एवढंच मी मागतोय. फोटोसोबत तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. याला लॅपटॉप लागत नाही, इंग्रजी लागत नाही.

प्रकाशाचा आकडाही बघता येतो. राउटरच्या खाली स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१, आणि सोबत पासवर्ड. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत गेलात की ऑप्टिकल किंवा पॉन नावाच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशाचा आकडा, दिसतो. कोरड्या दिवशी एकदा आणि पाऊस चालू असताना एकदा लिहून ठेवा. काही कंपन्या हे पान बंद करून ठेवतात. तसं असेल तर लाइनमन येईल तेव्हा त्याच्याकडच्या पॉवर मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा. तो तुमच्या घरातला आकडा आहे, बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एक मात्र करू नका : फायबरचं टोक उपसून त्यात डोकावू नका. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना इजा करू शकतो.

काहीच करायचं नसेल तर नेट गेल्या गेल्या त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्यांना फोन करा. सगळ्या गल्लीचं गेलं असेल तर दोष स्प्लिटरच्या मागे, कंपनीच्या मुख्य लाइनवर. फक्त तुमचं गेलं असेल तर बहुधा स्प्लिटरपासून तुमच्या घरापर्यंतच्या तारेत.

मी या पावसाळी दोषाच्या एवढा मागे लागतो, कारण आपल्या गावात पावसातच नेट सगळ्यात जास्त लागतं. कोयनेतून विसर्ग किती सोडला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं, इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५, हे आकडे २०१९ च्या महापुरानंतर सांगलीकराला कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. नेमक्या त्या रात्री ज्या घरात लाल दिवा लागतो, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता आतल्या खोलीचे २० एमबीपीएस. फसवणूक आहे की नाही हे ठरवायला राउटरच्या शेजारी उभे राहा, मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या (राउटरच्या दोन वायफायपैकी वेगवान) वायफायला जोडा, घरातली बाकीची उपकरणं थांबवा आणि स्पीड मोजा. सकाळी मोजा आणि रात्री नऊच्या सुमारासही मोजा. तिथं ९० च्या आसपास आले तर कंपनी देतेय आणि भिंत खातेय. लाल दिवा नसताना सकाळी ९० आणि रात्री २० आले, तर कंपनीनं आपल्या लाइनवर झेपतील त्यापेक्षा जास्त ग्राहक घेतलेत असं समजायला जागा आहे, आणि मग तुमचा शब्द मीही वापरेन.

जुन्या घरांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झ सहज ओलांडत नाही. दुसरं, २.४ गिगाहर्ट्झचं, ओलांडतं, पण त्याचा वेग मुळात कमी, आणि त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच : १, ६ आणि ११. शेजारच्या घरांची वायफायही त्यातच दाटीनं बसलेली असतात. टीव्हीच्या कपाटात ठेवलेला राउटर बाहेर, उंचावर आणा. तेवढ्यानं भागलं नाही तर आतल्या खोलीपर्यंत लॅनची केबल ओढून तिथं दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, लावा. स्वस्त रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारं यंत्र) घेऊ नका. तो एकाच चॅनलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो.

तक्रार करताना डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रार केंद्रानं दाद दिली नाही तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तुमचे फोटो आणि दोन आकडे तिथं कामाला येतील.

लाइनमन आला की तुमच्या बाबतीत त्याच्याकडून एकच काम करून घ्या : स्प्लिटरच्या डब्यापासून घरापर्यंत नवी, मध्ये जोड नसलेली केबल. तो ‘इथं एक जोड मारतो, होऊन जाईल’ म्हणाला तर नको म्हणा. जुनी काढण्याआधीचा आकडा आणि नवी लावल्यानंतरचा आकडा, दोन्ही त्याच्यासमोर लिहून घ्या आणि मला इथंच कळवा. नवी केबल टाकूनही उणे २५ च्या खालीच राहिला, तर दोष खांबावरच्या डब्यात किंवा त्याच्याही मागे आहे. मग अपिलाचं पत्र आपण मिळून लिहू.