विलंब नेमका कशाचा?

उत्क्रांतीच्या खेळांवरच्या, म्हणजे वागण्याच्या रीतींमधल्या स्पर्धेच्या गणितावरच्या लेखातलं 'विलंब वाढला की समतोल ढासळतो' हे विधान सरसकट पटत नाही. ससाणा-कबुतर खेळात ('ससाणे' बक्षिसासाठी भांडतात, 'कबुतरं' माघार घेतात) बक्षीस २ आणि जखमेची किंमत ४ धरा. समतोलाला, म्हणजे प्रमाण स्थिर राहतं तिथे, ससाणे निम्मे. मिळकतीची माहितीच शिळी असेल, तर रेप्लिकेटर समीकरणात (जास्त मिळकतीची रीत वाढत जाते, असं सांगणाऱ्या) विलंब समीकरणाच्या कालएककात साधारण ३.१४ च्या पुढे गेला की हे प्रमाण हेलकावे खाऊ लागतं. ससाणे बोकाळलेले असतात, तरी जुन्या आकड्यांवर विसंबून आणखी ससाणे होतच राहतात. पण पिल्लंच उशिरा जन्मत असतील तर? अल्बोश्टा आणि मियेंकिश यांच्या २००४ च्या प्रारूपात तिथे समतोल टिकतो, विलंब कितीही असो. लेखातल्या आलेखात यांपैकी कोणता विलंब धरलाय, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही!