न खाई भोगी, तो सदा रोगी

भोगीच्या दिवशी मी तीळ लावलेल्या बाजरीच्या अडीच भाकऱ्या खाल्ल्या. 'न खाई भोगी तो सदा रोगी' हे आईचं दरवर्षीचं वाक्य सकाळीच फोनवर ऐकून झालं होतं, त्यामुळे लेकुरवाळी भाजी, भाकरी, वर लोण्याचा गोळा असं सगळं यथासांग केलं. आणि दुसऱ्या दिवशी, ऐन संक्रांतीला, उजवीकडची खालची हिरडी पेटली.

आरशासमोर उभा राहून मोबाइलचा टॉर्च लावला, गाल बोटानं कानापर्यंत ओढला. शेवटच्या दाढेमागे हिरडी लालभडक फुगली होती आणि तिच्याखालून तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक डोकावत होतं. अक्कलदाढ! ही साधारण 17 ते 25 या वयात उगवते म्हणतात. माझं वय 31.

"उशिरा का होईना, आली म्हणायची," सासरे म्हणाले. हे वाक्य त्यांनी आमच्या लग्नापासून जपून ठेवलं असावं.

पाय दुखला तर उशीवर ठेवता येतो. हात दुखला तर गळ्यात अडकवता येतो. दाढ कुठे ठेवणार? तोंड मिटलं की वरची दाढ नेमकी त्या सुजेवर टेकायची, उघडलं की कानापर्यंत कळ जायची. तिसऱ्या दिवशी तर जबड्यात जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट उरली. 'दातखीळ बसणे' याचा वाक्यात उपयोग मी पाचवीत केला होता, अनुभव आता आला. ऑफिसात जो तो वडी पुढे करून "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत होता आणि मी दात न उघडता "ओलतो, ओलतो" म्हणत वड्या खिशात भरत होतो.

आईनं फोनवर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. त्यांनी खरंच बरं वाटायचं, पण चहा गार होईपर्यंतच. शेजारच्या काकूंनी लवंगेचं तेल आणून दिलं. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्यानं जागा बधिर होते, हे मान्य. पण कापसाचा बोळा दाढेपर्यंत पोचेतो ते तेल वाटेत ओठ, जीभ, गाल अशी सगळ्यांची विचारपूस करत जातं. शेवटी दाढ सोडून सगळं बधिर झालं.

त्यात शनिवारी घरी हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत गालाला रुमाल लावून पडलो होतो, पण बातमी बाहेर गेलीच. मग वाण घ्यायला आलेली प्रत्येकजण दारातून डोकावून एक उपाय ठेवून जाऊ लागली. हळद लावा. त्रिफळा उकळा. पेरूची पानं चावा. (चावा!) एकीनं तर आपल्या दिरांची दाढ काढताना काय काय झालं ते इतकं रंगवून सांगितलं, की माझी कळ भीतीनं दोन मिनिटं थांबली.

सोमवारी दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला. एसटीत डुलकी लागलेला प्रवासी शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकतो ना, तशी माझी अक्कलदाढ पुढच्या दाढेवर रेलली होती. तिला सरळ यायला जबड्यात जागाच नव्हती. अर्धी वर, अर्धी आत, आणि वर हिरडीची टोपी. "या टोपीखाली अन्न अडकतं," डॉक्टर म्हणाल्या. "ब्रश पोचत नाही, मग ते तिथेच कुजतं आणि सूज येते. आधी सूज उतरवू. दाढ काढायची का, ते मग बघू."

पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. "यातल्या एकीनं तोंडाला लोखंडासारखी चव येईल. आणि गोळ्या संपेपर्यंत दारू अजिबात नाही." बायको सोबत नव्हती, तरी मी सवयीनं "छे छे, मी घेतच नाही" म्हणालो.

मग बिनसुईच्या सिरिंजनं त्यांनी टोपीखाली औषधी पाण्याची धार सोडली. एकदा, दोनदा. तिसऱ्या धारेला काहीतरी सुटलं. डॉक्टरांनी चिमट्यानं ते उचललं आणि कापसावर ठेवून माझ्यापुढे धरलं.

तीळ. भोगीचा. आठवडाभर मुरून टम्म फुगलेला.

आता, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही ही बायकोची जुनी तक्रार. तिनं सांगितलेलं गुपित संध्याकाळपर्यंत दोन्ही घरी पोचलेलं असतं. मी तिथेच खुर्चीत पडल्या पडल्या त्या तिळाचा फोटो काढला आणि तिला पाठवला. खाली लिहिलं, 'हा घे पुरावा. भिजला.'

तिचं लगेच उत्तर आलं, 'छान. अजून कोणाकोणाला पाठवलास?'

तोवर तो आईकडे, सासऱ्यांकडे आणि ऑफिसच्या ग्रुपवर पोचला होता.