टाकी फुल केली म्हणून गाडी फुटत नाही, पण ते झाकण रोज उघडू नका

एप्रिल लागला की हा मेसेज येतोच, आणि यावर्षी आमच्या भांडुपच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तीन दिवसांत चार जणांनी टाकला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'इंडियन ऑइलचा इशारा, येत्या दिवसांत तापमान वाढणार आहे, पेट्रोलची टाकी फुल करू नका, स्फोट होऊ शकतो. अर्धीच भरा, हवेला जागा ठेवा. या आठवड्यात पाच स्फोट झालेत, सगळे टाकी फुल केल्यामुळे. दिवसातून एकदा झाकण उघडून आत साठलेला गॅस बाहेर सोडा. सगळ्यांना पाठवा.'

दरवर्षी मी वाचून सोडून द्यायचो. यावेळी लिहायला बसलोय कारण परवा रात्री नऊच्या सुमारास खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये गेलो तर दुसऱ्या मजल्यावरचे काका स्कूटरचं झाकण उघडून शेजारी उभे, मला म्हणाले "वास बघ केवढा येतोय, गॅस जमलाय आत, रोज सोडतो मी". आणि त्यांच्या पाठीमागे चार पावलांवर सगळ्या बिल्डिंगचे लाइटचे मीटर आणि पाण्याच्या मोटरचा स्टार्टर. काका सत्तरीचे, काळजीपोटीच करत होते, पण मला ते बघून खरंच धडकी भरली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं म्हणजे इंडियन ऑइलचं नाव. कंपनीने स्वतः जाहीर खुलासा केलाय, आणि तोही एकापेक्षा जास्त वेळा, की हे आमचं म्हणणं नाही, गाडी बनवणारे लोक उन्हाळा हिवाळा सगळं धरूनच टाकी डिझाइन करतात आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं कुठल्याही मोसमात पूर्ण सेफ आहे. म्हणजे ज्यांच्या नावाने इशारा फिरतोय तेच उलट सांगतायत. आणि मेसेजची भाषा बघा, 'येत्या दिवसांत', 'या आठवड्यात', कुठे तारीख नाही, गाव नाही, गाडी कुठली ते नाही, त्यामुळे तो कधी जुनाच होत नाही, पुढच्या एप्रिलला पुन्हा ताजा. पाच स्फोट म्हणे. अहो मुंबईत एका टॅक्सीने पेट घेतला तरी ईस्टर्न एक्सप्रेसवर जाम लागतो आणि अर्ध्या तासात व्हिडिओ आपल्या हातात असतो, पाच गाड्या फुटल्या असत्या तर एकाचा तरी फोटो नको का?

आता उन्हाने पेट्रोल पेटतं का. पेट्रोलला ठिणगी मिळाली तर ते थंडीतसुद्धा पेटतं, अगदी शून्याच्या खाली चाळीस अंशांवर पण त्याची पेटण्याएवढी वाफ होते, म्हणून तर ते इतकं जपून हाताळायचं. पण ठिणगीशिवाय, नुसत्या उष्णतेने आपोआप पेटायला त्याला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सगळ्यात जास्त तापमान ४२.२, तेही १९५२ च्या एप्रिलमधलं. गाडी भर दुपारी कुर्ल्याला रस्त्यावर उभी केली आणि डांबराच्या तापाने टाकी अजून गरम झाली तरी कुठे पन्नास साठ आणि कुठे अडीचशे. बरं आखाती देशांत पन्नास अंशांवर पारा जातो, तिथे लोक टाक्या फुल करूनच वाळवंटातून गाड्या नेतात.

'पेट्रोल फुगतं' हा भाग खरा आहे, आणि मला वाटतं लोकांना मेसेज पटतो तो त्यामुळेच. पेट्रोल एका अंशाला साधारण एक दशांश टक्का फुगतं. समजा पंपावरून तीस अंशांचं पेट्रोल घेतलं आणि टाकीत ते पंचेचाळीसवर गेलं, म्हणजे पंधरा अंशांचा फरक, म्हणजे दीड टक्का. स्विफ्टची टाकी ३७ लिटरची, त्यात हे झालं अर्धा लिटर. ॲक्टिव्हाची ५.३ लिटर, तिथे ऐंशी मिली, एक कटिंग चहाएवढं. या फुगण्यासाठी टाकीत वरती जागा मुद्दाम ठेवलेली असते, नोझल आपोआप बंद पडतं तेव्हा ती जागा रिकामीच राहते. म्हणजे 'हवेला जागा ठेवा' हे काम डिझाइन करणाऱ्याने आधीच केलंय, त्यासाठी अर्धी टाकी रिकामी ठेवायची गरज नाही.

उलट गंमत अशी की टाकी जितकी रिकामी तितकी आत वाफेला जागा जास्त. तरीही ती वाफ टाकीच्या आत सहसा पेटत नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेट घेते, आणि मुंबईच्या गरमीत बंद टाकीत तिचं प्रमाण यापेक्षा खूप जास्त असतं, आग लागायला पुरेशी हवाच नसते. हे नीट लक्षात घ्या कारण झाकणाचा सगळा मुद्दा यावर उभा आहे. झाकण बंद आहे तोवर ती वाफ पेटण्याच्या पलीकडे आहे. झाकण उघडलं की ती बाहेर येते, हवेत मिसळते, पातळ होते आणि बरोब्बर त्या दीड ते साडेसातच्या पट्ट्यात येऊन बसते. वर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन चारपट जड, म्हणजे ती वर उडून जात नाही, फरशीवर पसरते, गाड्यांच्या खालून सरकत जाते. आपल्या मुंबईतल्या स्टिल्ट पार्किंगमध्ये तिच्या वाटेत काय काय असतं ते आठवा, मीटर, मोटरचा स्टार्टर, ई-स्कूटरला लावलेलं एक्स्टेन्शन बोर्ड, वॉचमनकाकांची विडी, कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यातला दिवा. गॅस 'सोडून' आपण धोका कमी करत नाही, बंद डब्यातला धोका काढून लोकांच्या पायाशी ओततो.

लोक विचारतात की मग तो गॅस जातो कुठे, झाकण उघडताना फुस्स असा आवाज येतो तो काय. तो थोडासा दाब असतो आणि नॉर्मल आहे. तो हाताबाहेर जाऊ नये म्हणून व्हॉल्व्ह असतो, आणि आताच्या गाड्यांत, स्कूटरसकट, एक कोळशाचा डबा असतो त्याला कॅनिस्टर म्हणतात. टाकीतली वाफ पाइपातून त्यात जाते, कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की इंजिन ती ओढून जाळून टाकतं. म्हणजे जे काम काका रोज रात्री हाताने करत होते त्यासाठी गाडीत यंत्रणा बसवलेलीच आहे.

माझ्या मते ही भीती आली सिलिंडरवरून. मुंबईत बहुतेक रिक्षा टॅक्सी सीएनजीवर, पंपावर गॅस भरताना पॅसेंजरला खाली उतरवतात हे आपण रोज बघतो, ते सिलिंडर दोनशे बारच्या दाबाने भरतात आणि दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावीच लागते. तिथे दाब हाच खरा प्रश्न आहे आणि ज्यांनी टेस्ट टाळली असेल त्यांनी आजच करून घ्या. पेट्रोलची टाकी तशी नाही, तिच्यात दाब नसल्यात जमा, दोन्हीला आपण 'टाकी' म्हणतो म्हणून एकीची भीती दुसरीला चिकटलीये.

या मेसेजच्या शेपटाला अजून दोन गोष्टी जोडलेल्या असतात, त्या पटकन. सकाळी लवकर भरा, पेट्रोल जास्त मिळतं. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान सकाळ दुपार फारसं हलत नाही, तुमची झोप मोडण्याएवढा फरक पडत नाही. आणि शंभरऐवजी एकशेदहाचं भरा, शंभरवर सेटिंग केलेलं असतं. मशीन आधी लिटर मोजतं आणि मग भावाने गुणतं, आकडा गोल असला काय नसला काय. शंका असेल तर पाच लिटरचं माप मागा, प्रत्येक पंपावर ते ठेवणं बंधनकारक आहे, त्यात २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर सरळ तक्रार करा. मी एकदा मागितलं होतं तेव्हा आधी "माप आत आहे, मालक नाहीत" असं झालं, पण दहा मिनिटं तिथेच उभा राहिलो आणि माप आलं.

आता फुल टाकीत जी एकच चूक आपण खरंच करतो ती, आणि ती या मेसेजमध्ये नाहीये. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, पेट्रोल तिथपर्यंत चढलं की त्यातून हवा ओढली जायची थांबते आणि आतला खटका पडतो, टक् असा आवाज येतो. टाकी तिथे भरली. पण मग पंपावरचा पोरगा विचारतो "राउंड फिगर करू का साहेब" आणि आपण हो म्हणतो, तो दोन तीनदा दाबून दाबून भरतो. ती फुगण्यासाठी ठेवलेली जागा आपण अशी भरून टाकतो, आणि वाफेऐवजी पेट्रोलच त्या कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा भिजतो, मग वास, स्टार्टिंगचा त्रास आणि वर खर्च. तेव्हा फुल करा, बिनधास्त करा, पण पहिल्या टक् ला थांबा. सुटे पैसे नाहीत तर यूपीआय आहे.

आणि टाकी अर्धी ठेवायचा सल्ला मुंबईत मला पटतच नाही. २६ जुलै २००५ ला ज्यांनी रात्र गाडीत काढली त्यांना विचारा. २०२४ च्या जानेवारीत ट्रकवाल्यांच्या संपात पंपांवर केवढ्या रांगा लागल्या होत्या ते तर सगळ्यांना आठवत असेल, ज्यांची टाकी भरलेली होती ते घरी शांत बसले होते.

गाड्यांना आगी लागतात, हे खोटं नाही. पण त्या लागतात बाहेरून जोडलेल्या वायरिंगने, स्वस्तातल्या लाइट आणि हॉर्नसाठी सोललेल्या तारांनी, गळणाऱ्या पाइपने, आणि मुंबईत तर उंदरांनी. उंदीर पेट्रोलचा रबरी पाइप कुरतडतात, थेंब थेंब गळतं आणि खाली गरम सायलेन्सर असतो. गाडीजवळ पेट्रोलचा वास रोज येत असेल तर तो 'जमलेला गॅस' नसतो, कुठून तरी गळतंय.

काकांना हे सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पण वास तर झाकण बंद असताना पण येतो रे." मग टॉर्च घेऊन बसलो दोघं. पाइपवर दातांच्या खुणा आणि खाली फरशीवर ओला डाग. स्कूटर चालू न करता ढकलत बाहेर कंपाउंडमध्ये उघड्यावर नेऊन ठेवली, सकाळी मेकॅनिकने येऊन पाइप बदलला. आता आम्ही बाकीच्या गाड्यांचे पाइप बघतोय, सहा झाल्या, अकरा राहिल्यात.