ओव्हन कुणाचा, काजळी कुणाची

नाताळ जवळ आला की म्हापशातल्या आमच्या वाड्यावर माझा ओव्हन माझा राहत नाही. शेजारचे अंकल आयुष्यभर तारवटी होते; मालवाहू जहाजांच्या स्वयंपाकघरात खलाशांना रांधून घालण्यात त्यांची उमेद सरली आणि आता निवृत्तीत त्यांच्याकडे पाककौशल्य भरपूर असले तरी चालू स्थितीतला ओव्हन मात्र नाही. गेल्या रविवारी चर्चमधली मीस, म्हणजे प्रार्थना, आटोपून ते थेट बातिकेचे, म्हणजे रवा आणि ओल्या खोबऱ्याच्या केकचे, कालवलेले मिश्रण घेऊन आमच्याकडे आले. त्यांनी ओव्हनचे दार उघडले, मोबाइलची बत्ती आत फिरवली, खिशातून इस्त्री केलेला पांढरा रुमाल काढून आतल्या भिंतीवरून सावकाश ओढला आणि तो काळा पडलेला रुमाल मला न दाखवता माझ्या सासूबाईंना दाखवला.

"बाय," मग माझ्याकडे वळून ते अतिशय मायेने म्हणाले, "तू ह्यात काजूच्या बिया भाजतेस काय गो?"

काजूच्या बिया भाजताना टरफलांतून निघणारे काळे, चिकट, कातडी सोलणारे तेल ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच या प्रश्नातला अपमान पूर्णपणे कळेल. सासूबाईंना तो कळला आणि त्या हसल्या.

आता ती काजळी कुणाची, हे एकदा नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. मी ओव्हनमध्ये फार तर आठवड्याला पाव गरम करते आणि क्वचित बटाटे भाजते. गेल्या नाताळात याच ओव्हनमध्ये अंकलांनी बेबिंक, म्हणजे थराथरांचा गोड केक, केली होती. नारळाचा रस, अंड्यांचा पिवळा बलक, साखर आणि जायफळ यांचा एकेक थर तुपावर ओतायचा, वरच्या आचेवर तो तांबूस होईपर्यंत थांबायचे, मग पुढचा थर. परंपरेने किमान सात आणि हौस असेल तर सोळा. अंकलांची हौस सोळांची आणि टोप मात्र सातांचा होता. जे मावले नाही ते बाहेर ओघळले, तळच्या कॉइलवर पडले, धुमसले आणि तिथेच राहिले. गोव्याच्या बेबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते तिच्या ओघळांनाही मिळाले असते, तर माझ्या ओव्हनचा तळ राज्याचा वारसा म्हणून जाहीर करावा लागला असता.

मी हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे ओघळ साबणाने का निघत नाहीत ते मला ठाऊक आहे आणि ठाऊक असल्याचा मनस्ताप वेगळा होतो. तूप किंवा तेल पुन्हा पुन्हा तापले की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि शेवटी जे उरते ते तूप नसून वार्निश असते. त्यावर जळलेल्या साखरेचा कोळसा बसला की झालेच. ओव्हनसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत मात्र "प्रत्येक वापरानंतर ओव्हन थंड झाल्यावर ओल्या मऊ कपड्याने पुसावे" इतकेच छापलेले असते. ते वाक्य लिहिणाऱ्याच्या घरी शेजारी नसावेत.

अंकल एव्हाना खुर्ची ओढून बसले होते. बातिकेचे मिश्रण त्यांनी माझ्या फ्रिजमध्ये ठेवले, चहा मागितला, आणि आपल्या जहाजावर कॅप्टन पांढरे हातमोजे घालून तपासणीला कसा येई, बोटाला डाग लागला तर कुणाची सुट्टी कशी जाई, हे सांगायला आरंभ केला. ती कथा संपण्याच्या बेतात आली की नवे बंदर येई. मी ओव्हनची जाळी आणि ट्रे बाहेर काढत होते, प्लग काढून ठेवत होते, आणि माझ्या पाठीमागे आम्ही एडनहून मोम्बासाला पोचत होतो.

"हांव बोटीर आसतना," ते म्हणाले, "आमचा ओव्हन स्वतःच साफ व्हायचा. बटण दाबायचे की झाले. तूही तसेच कर."

मी त्यांना सांगितले की तसे ओव्हन असतात हे खरे आहे. अमेरिकेत घरगुती वापरासाठी जनरल इलेक्ट्रिकने ते १९६३ मध्ये बाजारात आणले. त्यांत दार आपोआप कुलूपबंद होते, आतले तापमान जवळजवळ ५०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि सगळी घाण जळून राख उरते. आपल्या या छोट्या ओटीजीचा, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलचा, काटा मात्र २५० वर थांबतो.

"मग दोनदा लाव," अंकल म्हणाले.

मी गप्प बसले, पण सासूबाईंनी मान डोलावली. २५० दुणे ५०० हा हिशेब त्यांना पटलेला दिसला.

त्यानंतर अंकल घरी जाऊन मुलाने कुवेतहून आणलेली ओव्हन साफ करायच्या फवाऱ्याची बाटली घेऊन आले. त्या फवाऱ्यात कॉस्टिक सोडा होता, जो चरबीचा साबण करून टाकतो हे खरे, पण हातांच्या कातडीचे आणि ॲल्युमिनियमचेही हाल करतो. माझ्या ओव्हनच्या आतल्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा आहे आणि कॉइलवर तर असले काही मारायचेच नसते. शिवाय स्वयंपाकघराला खिडकी एकच, आणि तिच्याखाली मांजर. मी नको म्हटले.

"बोटीर आम्ही हेच मारत होतो," अंकल दुखावून म्हणाले.

"बोटीवर पोलादाची भिंत असते अंकल, आणि बाहेर समुद्राचा वारा असतो."

तेव्हा त्यांनी तिसरी फेरी मारून माडाच्या सुरेचे घरचे विनागर, म्हणजे व्हिनेगर, आणले. मी खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून दाट लेप केला होता आणि कॉइल वगळून तळाला व भिंतींना तो फासून झाला होता. आता तो रात्रभर राहू द्यायचा आणि सकाळी पुसायचा, इतकेच काम उरले होते. मी हात धुवायला वळले आणि अंकलांनी बाटली त्या लेपावर उपडी केली. फसफस करून फेस दारापर्यंत आला. अंकल आनंदाने उभे राहिले. "बघ! बघ! मळ उकळतो!" त्यांनी सासूबाईंना हाताला धरून जवळ नेले आणि दोघांनी वाकून तो देखावा पाहिला. मी वर्षानुवर्षे नववीच्या मुलांना शिकवत आले आहे की सोडा अल्कधर्मी, विनागर आम्ल, दोन्ही एकत्र आली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरते ते बऱ्यापैकी निरुपयोगी खारट पाणी. मी हे तिथेही सांगितले. अंकलांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाय, पुस्तकातले वेगळे. हे डोळ्यांनी दिसते."

मला या ठिकाणी पोदेराचा, म्हणजे पाव भाजून सायकलवरून विकणाऱ्याचा, हेवा वाटतो. त्याची विटा-मातीची भट्टी लाकडांनी पेटते, निखारे बाजूला ओढले की ओला कपडा बांधलेला लांब दांडा तिच्या तळावरून फिरतो आणि पोयांची, म्हणजे गोल पावांची, पहिली खेप आत जाते. काजळी त्या भट्टीतही असते, पण तिथे कुणी इस्त्रीचा रुमाल घेऊन जात नाही; उलट काळ्या भट्टीतल्या पावाला चव असते म्हणून आपण सायकलच्या भोंप्याची वाट पाहतो. घरातल्या ओव्हनला आणि तो ज्या बाईच्या नावावर आहे तिला ही सवलत नाही.

अंकल गेल्यावर मी ते खारट पाणी टिपून काढले, सोड्याचा नवा लेप दिला आणि रात्री स्वयंपाकघराच्या दाराला कडी लावली. सकाळी लेप वाळून तपकिरी झाला होता. जुन्या, मुदत संपलेल्या बँकेच्या कार्डाने तो खरवडला. तारेची घासणी वापरली नाही, कारण तिने काचेवर चरे पडतात. जाळ्या गरम पाण्यात भिजत होत्या. ओल्या फडक्याने पुसायचे, फडके पिळायचे, पुन्हा पुसायचे, कारण सोड्याचा पांढरा थर जरा जरी राहिला तरी पुढच्या वेळी तापल्यावर तो उठून दिसतो. मग रिकामा ओव्हन थोडा वेळ लावला, तेव्हा घरभर जो वास सुटला तो विंदालूचा होता. भिंती लख्ख झाल्या. तळाच्या एका कोपऱ्यात बेबिंकेचा एक ओघळ आहे, तो गेला नाही. तो बहुधा ओव्हनबरोबरच जाईल.

या सगळ्यात नवऱ्याने एकदा येऊन "अजून चाललेय?" असे विचारले आणि वर्तमानपत्राकडे परतला, हेही इथे नोंदवते. अंकलांना मी स्पष्टच सुचवले की यापुढे जो भाजेल त्याने पुसावे. ते लगेच कबूल झाले, फक्त गुडघ्यामुळे त्यांना वाकता येत नाही असे म्हणाले. फेस बघायला वाकले तो गुडघा निराळा असावा. त्यांची बातिका मात्र त्याच संध्याकाळी झाली, उत्तम झाली, आणि आमच्याकडे तिची एक वडी आली.

शुक्रवारच्या बाजारात चौरिसांच्या, म्हणजे मसालेदार सॉसेजच्या, माळांपाशी वाड्यावरची एक बाई भेटली. "तारवटी अंकलांनी तुमचा ओव्हन अगदी नव्यासारखा करून दिला म्हणे," ती कौतुकाने म्हणाली. "विनागरने. माझाही करून देतील का हो?"

"नक्की देतील," मी म्हटले. "फक्त तुमच्या सासूबाईंना घरी थांबायला सांगा."