काकूंनी ठरवलेला थायरॉईड

वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून सांगलीकराला सवयच लागलीय, दुखलं की मिरज. पण मिरजेला पोचायच्या आधी घरचीदारची मंडळी पेशंट तपासून मोकळी होतात.

लेक दुसरीत गेली आणि गेल्या जूनचा फ्रॉक या जूनलाही बसला. आमच्या आईला भारी कौतुक, "पोरगी कपडं जपून वापरती." पण संध्याकाळ झाली की पोरगी जांभया देते, पोट साफ होत नाही. मामींच्या मते मोबाईल. आण्णांच्या मते दही. शेजारच्या काकूंनी नुसतं गळ्याकडं बघून थायरॉईड ठरवला. त्यांची स्वतःची गोळी रोज सकाळी अनशापोटी चालू असते, त्यामुळं या विषयात त्यांच्यापुढं कुणी बोलत नाही.

लगेच आत्यानं सैंधव पाठवलं, थायरॉईडला चांगलं म्हणून. आता ही ग्रंथी आयोडीनवर चालते, त्यासाठीच तर २००६ पासून देशात बिनआयोडीनचं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आहे, आणि सैंधवात आयोडीन असतं नावापुरतं. हे आत्याला सांगणार कोण? पुडी फडताळात आहे.

डॉक्टरांनी आधी उंची मोजली. मग लसीच्या कार्डावरच्या जुन्या नोंदी काढून तक्त्यावर टिंबं दिली. म्हणाले, "मुलांत थायरॉईड कमी पडला की बहुतेक पहिली तक्रार उंचीच करते." मग गळ्यावर बोटं ठेवून तिला पाणी गिळायला लावलं.

"इथं काय असतं?"

"फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी."

त्यानंतर पोरगी घोट गिळेना. ते आत फडफडेल म्हणे.

रक्त द्यायला सकाळी गेलो. आईनं नातीला रात्रीपासून उपाशी ठेवलेलं, आणि सोबत म्हणून स्वतःही उपाशी. लॅबमधला पोरगा म्हणाला, "टीएसएचला, म्हणजे या थायरॉईडच्या तपासणीला, उपाशी लागत नाही, आज्जी." सुईला पोरगी रडली नाही. आज्जीनं मात्र त्या पोराला जे सुनावलं, ते ऐकून रांगेतलं एक बाळ रडायला लागलं.

रिपोर्टमध्ये टीएसएच ५.६, ठळक अक्षरात. दुपारपर्यंत आकडा गल्लीत पोचला. काकू तर अभिनंदन घ्यावं तशा दारात उभ्या.

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. "शेजारी छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची आहे. मुलांत थोडा जास्तच असतो. टी-फोर, म्हणजे खुद्द थायरॉईडचं हार्मोन, व्यवस्थित आहे. काही महिन्यांनी परत बघू, तेव्हा अँटीबॉडीपण तपासू." मग तक्त्यावर बोट फिरवलं. टिंबांची रेघ खालच्या अंगाला होती खरी, पण घसरलेली नव्हती, वरच्या रेघांच्या बरोबरीनं चढत होती.

"आता तुम्ही दोघं जरा त्या पट्टीला उभे राहा."

मी पाच फूट तीन. बायको चार फूट अकरा. डॉक्टर काही बोलले नाहीत, दोन्ही आकडे लिहून घेतले आणि भाज्या, पाणी वगैरे सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी सगळं सांगितल्यावर काकू क्षणभरच गप्प झाल्या. मग माझ्याकडं खालपासून वरपर्यंत नीट बघून म्हणाल्या, "म्हणजे लहानपणी तुझाच राहिला वाटतं तपासायचा."